बायॉप्सी नेमकी कुठून घ्यायची? अन्ननलिकेतले कर्करोगपूर्व बदल प्रकाशाने शोधण्याची कृती

अन्ननलिका जेमतेम २५ सेंटीमीटर लांब. एंडोस्कोप, म्हणजे टोकाला दिवा आणि कॅमेरा असलेली लवचीक नळी, आत गेला की काही मिनिटांत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून होते. तरीही तिथला कर्करोग आपल्याकडे बहुतेक वेळा उशिराच सापडतो. घास अडकायला लागेपर्यंत रुग्णाला फारसा त्रास नसतो, आणि घास अडकतो तोवर गाठ बरीच वाढलेली असते. त्याच्या आधीची काही वर्षे अस्तरातल्या पेशी हळूहळू बिघडत असतात. केंद्रके फुगतात, दाटीवाटीने बसतात, त्यांची मांडणी विस्कटते. या अवस्थेला डिस्प्लेसिया म्हणतात. तो पुष्कळदा सपाट अस्तरातच होतो, म्हणून पांढऱ्या प्रकाशात ती जागा शेजारच्या निरोगी जागेसारखीच दिसते.

मग डॉक्टर काय करतात? अन्ननलिकेच्या खालच्या भागात बॅरेटचा बदल दिसला, म्हणजे तिथल्या मूळ अस्तराच्या जागी आतड्यासारखे अस्तर आलेले दिसले, तर सिअ‍ॅटल पद्धतीने दर २ सेंटीमीटरवर चार दिशांना तपासणीसाठी एकेक तुकडा घेतात; हीच बायॉप्सी. आधी डिस्प्लेसिया सापडलेला असेल तर दर १ सेंटीमीटरवर. पद्धत शिस्तीची आहे, पण एवढे तुकडे घेऊनही बदललेल्या अस्तराचा ५ टक्क्यांहून कमी भाग तपासला जातो. बाकीचा भाग तसाच राहतो आणि नेमका दोष तिथे असू शकतो.

वर्णपटमापनाचे, म्हणजे ऊतीतून परत येणारा प्रकाश तरंगलांबीनुसार मोजण्याचे, काम इथे सुरू होते. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो: प्रकाशाने बायॉप्सीची जागा घ्यायची नाही, बायॉप्सीची जागा दाखवायची. हे ध्यानात ठेवले की उपकरण कसे जोडायचे, मोजमाप कधी घ्यायचे आणि आकडे कसे वाचायचे यातले बरेच निर्णय सोपे होतात.

हा लेख भौतिकशास्त्र आणि इन्स्ट्रुमेंटेशनचे विद्यार्थी आणि पोटविकार विभागातले तरुण डॉक्टर यांच्यासाठी आहे. पुण्यात दोन्हीकडची माणसे आहेत. पाषाणला आयसर आणि एनसीएल या संशोधन संस्था, गणेशखिंडीला विद्यापीठ, स्टेशनजवळ बी.जे. मेडिकल आणि ससून, शिवाय मोठी खासगी रुग्णालये. खरी गरज आहे ती दोघांनी पहिल्या दिवसापासून एका टेबलाशी बसण्याची. उपकरण तयार करून मग डॉक्टर शोधायला निघालात तर प्रोब (अस्तराला टेकवायची फायबरची बारीक लवचीक नळी) एंडोस्कोपमध्ये शिरतच नाही, असे कळण्याची पाळी येते.

आधी आजार ठरवा

अन्ननलिकेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार दोन: अस्तराच्या चपट्या पेशींतून होणारा स्क्वॅमस आणि ग्रंथींसारख्या पेशींतून होणारा अ‍ॅडेनोकार्सिनोमा. अमेरिका-युरोपातले बरेचसे प्रकाशीय संशोधन बॅरेट आणि त्यातून होणाऱ्या अ‍ॅडेनोकार्सिनोमावर झालेले आहे. भारतात मात्र स्क्वॅमस प्रकार जास्त आढळतो. त्यामागे तंबाखू आणि दारू ही मोठी कारणे; आपल्या खेड्यापाड्यांत बायका दातांना लावतात ती मिश्रीही तंबाखूच. फार गरम पेयांचाही वाटा आहे: ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेये कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली जाहीर केले.

त्यामुळे परदेशातला बॅरेटवरचा निबंध समोर ठेवून पुण्यात रुग्ण गोळा करायला बसू नका. तुमच्या डॉक्टरांच्या ओपीडीत कोणते रुग्ण येतात ते आधी विचारा. स्क्वॅमस बदल शोधायचे असतील तर तुमची तुलना नुसत्या डोळ्यांशी नाही, ल्युगोल आयोडीनशी आहे. हे द्रावण फवारले की निरोगी अस्तर त्यातल्या ग्लायकोजेनमुळे तपकिरी होते आणि बिघडलेली जागा फिकट राहते. स्वस्त आणि उत्तम पद्धत आहे. फक्त आयोडीनचा रंग चढला की वर्णपट कामातून जातो, म्हणून आधी वर्णपट, मग ल्युगोल. हा क्रम प्रोटोकॉलमध्ये ठळक लिहून ठेवा.

कोणता प्रकाश वापरायचा

पर्याय चार आहेत. सर्वांत सोपे म्हणजे विखुरलेल्या परावर्तित प्रकाशाचे मापन. पांढरा प्रकाश आत सोडायचा, परत येईल तो तरंगलांबीनुसार मोजायचा. रक्तातले हिमोग्लोबिन ४१५, ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते, तेव्हा किती रक्त आहे आणि त्यात किती ऑक्सिजन आहे ते कळते. बिघडलेल्या जागी रक्तपुरवठा बदललेला असतो, म्हणून ही माहिती कामाची.

दुसरा पर्याय प्रकाशविखुरण वर्णपटमापनाचा, आणि माझ्या मते या आजारासाठी सगळ्यांत अर्थपूर्ण. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहतो, म्हणजे केंद्रकाचा आकार, तोच इथे मोजला जातो. निरोगी केंद्रक साधारण ५ ते १० मायक्रोमीटरचे असते, डिस्प्लेसियात ते याहून मोठे होते. एवढ्या आकाराच्या गोल कणावरून प्रकाश मागे फिरतो तेव्हा त्याची तीव्रता तरंगलांबीनुसार हलकी वरखाली होते, आणि त्या चढउतारांच्या दाटीवरून कणाचा व्यास काढता येतो. यामागचे गणित गुस्ताव मी यांनी १९०८ सालीच मांडले होते. अन्ननलिकेसाठी ते वापरण्याचे काम १९९८च्या सुमारास एमआयटीतल्या मायकेल फेल्ड यांच्या प्रयोगशाळेत लेव्ह पेरेलमन, वादिम बॅकमन आणि सहकाऱ्यांनी केले. अडचण अशी की ऊतीतून परत येणाऱ्या प्रकाशातला फक्त काही टक्के भाग एकदाच विखुरलेला असतो. उरलेला आत खोलवर भटकून येतो आणि हा बारीक चढउतार त्यात बुडून जातो. त्यावर उपाय ध्रुवीकरणाचा: ध्रुवित प्रकाश सोडायचा, समांतर आणि लंब असे दोन्ही घटक मोजायचे आणि समांतरातून लंब वजा करायचा. भटकून आलेला प्रकाश आपले ध्रुवीकरण गमावून बसलेला असतो, तो या वजाबाकीत बराचसा निघून जातो.

ड्यूक विद्यापीठात अ‍ॅडम वॅक्स यांच्या गटाने हाच आकार व्यतिकरणाच्या मार्गाने, म्हणजे दोन प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून, वेगवेगळ्या कोनांतला प्रकाश मोजून काढला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बॅरेटचे ४६ रुग्ण होते. डिस्प्लेसियाची एकही जागा सुटली नाही आणि निरोगी जागांपैकी ८४ टक्के बरोबर ओळखल्या गेल्या. आकडा उत्साह वाढवणारा आहे, पण रुग्ण ४६ होते हे विसरू नका.

प्रतिदीप्ती आणि रामन हे उरलेले दोन. प्रतिदीप्तीत, म्हणजे प्रकाश पडल्यावर ऊती स्वतः जो प्रकाश टाकते तो मोजताना, ४०५ नॅनोमीटरचा डायोड लेसर पुरतो, पण हिमोग्लोबिन तोच भाग शोषत असल्याने निष्कर्ष काढताना जपावे लागते. रामन पद्धतीत विखुरताना बदललेली तरंगलांबी मोजतात, तिच्यावरून रेणूंची ओळखच पटते. मात्र साधारण एक कोटी फोटॉनांमागे एखादाच रामन विखुरणाचा असतो, त्यामुळे उपकरण महाग पडते आणि वेळही लागतो. सर रामन यांचा १९२८चा शोध आपल्या देशातला म्हणून त्याच्याकडे मन ओढ घेते, हे मला समजते. तरी पहिल्यांदाच काम करत असाल तर परावर्तनापासून सुरू करा, हात बसला की ध्रुवीकरण जोडा.

रुग्णालयातल्या एंडोस्कोपला एनबीआय (नॅरो बँड इमेजिंग) नावाचे बटण असतेच. त्यात ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या दोन अरुंद पट्ट्यांचा प्रकाश पडतो आणि वरवरच्या रक्तवाहिन्या उठून दिसतात. ते चित्र आहे, वर्णपट नाही. पण प्रोब कुठे टेकवायचा हे ठरवायला त्याची मदत जरूर घ्या.

जोडणी

टंगस्टन हॅलोजन दिवा, ४०० ते ८०० नॅनोमीटर मोजणारा छोटा स्पेक्ट्रोमीटर, फायबरचा प्रोब आणि लॅपटॉप. एवढ्यावर सुरुवात होते. विभेदन, म्हणजे शेजारच्या तरंगलांब्या वेगळ्या दाखवण्याची क्षमता, १ ते २ नॅनोमीटर असले की पुरे. हॅलोजनमध्ये निळा भाग कमजोर असतो. हिमोग्लोबिनच्या शोषणामुळे वर्णपटात पडणारा ४१५चा खळगा नीट हवा असेल तर झेनॉन दिवा घ्या.

प्रोबकडे सर्वाधिक लक्ष द्या. नेहमीच्या गॅस्ट्रोस्कोपची वर्किंग चॅनल (अवजारे आत सरकवण्याची पोकळी) २.८ मिलिमीटरची असते, म्हणजे प्रोबचा बाहेरचा व्यास २.५ मिलिमीटरच्या आत ठेवा. स्कोपचीच लांबी मीटरभर असते आणि दिवा-स्पेक्ट्रोमीटर ट्रॉलीवर असणार, तेव्हा प्रोब निदान अडीच-तीन मीटर हवा. मध्ये एक फायबर प्रकाश गोळा करणारा आणि भोवती सहा फायबर प्रकाश सोडणारे, ही रचना सहज मिळते. गाभा २०० मायक्रोमीटरचा असेल तर फायबर एकमेकांना लागून बसतात आणि मापन वरच्या थरापुरते राहते. आपल्याला तेच हवे आहे, कारण आजार अस्तरात सुरू होतो.

किरकोळ वायरी, स्विच, पॉवर सप्लाय बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळून जाईल. पण दिव्याचा पॉवर सप्लाय स्थिर आणि चांगल्या प्रतीचाच घ्या आणि सगळे यूपीएसवर चालवा. व्होल्टेज हलले की दिव्याचा रंग हलतो, आणि तो बदल तुम्हाला ऊतीतला वाटेल.

उपकरण रुग्णाजवळ जाणार, म्हणून विजेच्या सुरक्षिततेची तपासणी रुग्णालयाच्या बायोमेडिकल इंजिनिअरकडून करून घ्या. प्रोब श्लेष्मल अस्तराला लागतो, तेव्हा दर रुग्णानंतर एंडोस्कोपइतक्याच कडक निर्जंतुकीकरणातून जायला हवा. त्या रसायनांत टिकणारा गोंद आणि आवरण बनवणाऱ्याकडून आधीच मागून घ्या.

कॅलिब्रेशन, रोज

दिवा लावून अर्धा तास थांबा. मग दिव्याचा प्रकाश अडवून काळोखाचा वर्णपट घ्या, त्यानंतर पांढऱ्या टेफ्लॉनच्या प्रमाणित ठोकळ्यावर पांढरा वर्णपट. ऊतीच्या वर्णपटातून काळोख वजा करा, पांढऱ्यातूनही वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा. जे उरते ते परावर्तन. ठोकळा आणि प्रोब यांच्यातले अंतर दर वेळी तेच राहावे म्हणून छोटी नळकांडी बनवून घ्या. हाताने धरून हे जमत नाही.

तरंगलांबीची खात्री करायला महागड्या दिव्याची गरज रोज पडत नाही. जुनी ट्यूबलाइट असेल तर प्रोब तिच्याकडे वळवा: पाऱ्याच्या रेषा ४३५.८ आणि ५४६.१ नॅनोमीटरवर दिसल्याच पाहिजेत. पाषाणहून स्टेशनपर्यंतच्या रस्त्यावर स्पेक्ट्रोमीटर हादरे खात जातो, म्हणून ही तपासणी रुग्णालयात पोहोचल्यावर पुन्हा करा. (एलईडी ट्यूब चालणार नाही, तिच्यात या रेषा नसतात.) पावसाळ्यात फायबरच्या टोकांवर दमट हवेचा थर बसतो, जोडण्यांना टोपणे लावूनच ने-आण करा.

खोट्या ऊतीवर, मग बोकडाच्या अन्ननलिकेवर

माणसाकडे जाण्याआधी ज्याचे उत्तर ठाऊक आहे अशा गोष्टीवर उपकरण तपासा. इंट्रालिपिड हे शिरेतून देण्याचे चरबीचे द्रावण १ टक्क्यापर्यंत पातळ केले की त्याचे विखुरण ऊतीच्या जवळपास येते. त्यात हिमोग्लोबिन मोजून मिसळा आणि तुमचे गणित तेवढेच हिमोग्लोबिन सांगते का ते पाहा. आकारासाठी ५ आणि १० मायक्रोमीटरचे पॉलिस्टायरीनचे गोळे पाण्यात घ्या. एक सावधगिरी हवी: पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक १.५९, पाण्याचा १.३३. केंद्रक आणि भोवतालचा पेशीद्रव यांच्यातला फरक याच्या मानाने फारच थोडा. तेव्हा गोळ्यांवर सुंदर चढउतार दिसले म्हणजे ऊतीत तितकेच दिसतील असे धरून चालू नका.

त्यानंतर कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून बोकडाची ताजी अन्ननलिका आणा. श्वासनलिकेला लागून असते, ती न चिरता द्यायला सांगा. सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला थेट न लावता आणा. लांबीत कापून उलगडा आणि प्रोब टेकवून सराव करा. फॉर्मलिनमध्ये टाकू नका, रंगच बदलतो. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या अन्ननलिकेवर केराटिनचा कडक थर असतो, त्यामुळे केंद्रकांच्या आकाराबद्दल इथून काही शिकता येणार नाही. इथे शिकायचा तो हाताचा दाब.

दाबाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण निबंधांत त्याला एखादे वाक्य मिळते आणि प्रत्यक्षात अर्धे काम तेच असते. प्रोब अलगद टेकवलात की पडद्यावर ५४२ आणि ५७७ला दोन खळगे शेजारी शेजारी दिसतात; हे ऑक्सिजनयुक्त रक्त. आता किंचित जोर द्या. खळगे उथळ होत जातात, कारण दाबाने रक्त बाजूला सारले जाते. तसाच धरून ठेवलात तर उरलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपत जातो आणि दोन खळग्यांच्या मध्ये, ५५५च्या आसपास, एकच रुंद खळगा तयार होतो. मेलेल्या ऊतीत हे पुरते दिसणार नाही, म्हणून स्वतःच्या खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला स्वच्छ प्रोब टेकवून एकदा पाहाच. ही आकृती डोळ्यांत बसली की एंडोस्कोपी चालू असताना पडद्याकडे पाहून ‘जरा सैल धरा, सर’ असे तुम्ही डॉक्टरांना सांगू शकाल. नाही तर दाबातला फरक आजारातला फरक म्हणून नोंदला जाईल.

एंडोस्कोपीच्या खोलीत

एथिक्स कमिटीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती यांशिवाय एकही मापन नाही. संमतीपत्र मराठीत लिहा, आणि त्यात या मापनामुळे तुमच्या उपचारात आज काही फरक पडणार नाही, हे वाक्य स्पष्ट असू द्या. वर्णपटासाठी जादा वेळ किती लागेल तेही लिहा.

आत शिरल्यावर आधी अस्तर धुऊन घ्यायचे. फेस आणि चिकट स्राव राहिला तर तुम्ही त्याचाच वर्णपट मोजाल. मग डॉक्टर नेहमीप्रमाणे पाहणी करतात आणि बॅरेट असेल तर प्राग पद्धतीने त्याची लांबी नोंदवतात. प्रोब बाहेर काढून अस्तराला काटकोनात टेकवायचा. एंडोस्कोपचा स्वतःचा दिवा इतका प्रखर असतो की तो चालू असताना मापन वाया जाते. तेवढ्या क्षणापुरता तो बंद करण्याची किंवा तुमचा दिवा लुकलुकवून मागचा प्रकाश वजा करण्याची सोय आधीच करून ठेवा. श्वास आणि हृदयाचे ठोके यांनी अन्ननलिका सतत हलते, म्हणून एका मापनाला १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ देऊ नका, एका जागी तीन मापने घ्या आणि तिन्ही जुळतात का ते तिथेच पाहा.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची कृती. प्रोब काढला की अस्तरावर त्याचा हलका गोल ठसा काही क्षण दिसतो. बायॉप्सीचा चिमटा त्याच ठशावर गेला पाहिजे. वर्णपट एका जागेचा आणि तुकडा चार मिलिमीटर पलीकडचा, असे झाले तर पुढचे सारे गणित खोट्या जोडीवर उभे राहते, आणि ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. चॅनल एकच असल्याने प्रोब काढून चिमटा घालेपर्यंत ठसा पुसट होतो, म्हणून डॉक्टरांनी स्कोप हलवायचा नाही आणि नर्सने चिमटा हातात तयार ठेवायचा. दात ते जागा हे अंतर सेंटीमीटरमध्ये आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे दिशा, उदाहरणार्थ ‘३४ सेंमी, ४ वाजता’, अशी मोठ्याने सांगायची, दुसऱ्याने लिहायची, व्हिडिओ चालू ठेवायचा. तुकडे खालून वर घेत यायचे, म्हणजे रक्त न मोजलेल्या जागांवर ओघळत नाही. प्रत्येक तुकडा वेगळ्या बाटलीत, बाटलीवर वर्णपटाच्या फाइलचाच क्रमांक.

पॅथॉलॉजिस्टचा निकाल हाच खरा मापदंड

कमी दर्जाच्या डिस्प्लेसियाबाबत दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचेही एकमत होत नाही, हे सर्वज्ञात आहे. म्हणून दोघांनी स्वतंत्रपणे स्लाइड वाचाव्यात, त्यातले एक पचनसंस्थेच्या आजारांत मुरलेले असावेत, आणि दोघांनाही वर्णपट काय म्हणतो ते कळू देऊ नये. मतभेद झाला तर तिसऱ्यांकडे जायचे. आम्लामुळे सूज असेल तर तिथेही केंद्रके मोठी दिसतात. तो डिस्प्लेसिया नव्हे, पण तुमच्या उपकरणाला तसेच वाटेल. अशा रुग्णांना आधी आम्ल कमी करणारी औषधे देऊन सूज उतरल्यावर मोजणे बरे.

आकडे वाचताना

मशीन लर्निंग वापरणार असाल तर एकाच रुग्णाचे काही वर्णपट शिकवायला आणि काही तपासायला, असे कधीही करू नका. मशीन आजार न ओळखता माणूस ओळखते आणि ९८ टक्के अचूकता पाहून सगळे खूश होतात. विभागणी रुग्णानुसारच हवी.

अचूकतेपेक्षा दुसरे आकडे पाहा. अमेरिकेतल्या एंडोस्कोपी संघटनेने २०१२ साली निकष मांडला: बॅरेटमध्ये सरसकट घेतल्या जाणाऱ्या बायॉप्सी सोडायच्या असतील तर नव्या पद्धतीने प्रत्येक रुग्णामागे ९० टक्के दोष पकडले पाहिजेत, ८० टक्के निरोगींना निरोगी म्हटले पाहिजे, आणि ती ‘काही नाही’ म्हणते तेव्हा ९८ टक्के वेळा खरेच काही नसले पाहिजे. उदाहरणादाखल २०० रुग्ण धरू, त्यांत १० जणांना डिस्प्लेसिया. या निकषाचे उपकरण ९ जणांना पकडेल, १ सुटेल. उरलेल्या १९० पैकी ३८ जणांना उगाच इशारा मिळेल. म्हणजे एकूण ४७ इशाऱ्यांत खरे ९. इशाऱ्याचा अर्थ ‘इथून तुकडा घ्या’ एवढाच असेल तर हा सौदा उत्तम आहे. तोच इशारा ‘तुम्हाला कर्करोगाची सुरुवात आहे’ म्हणून रुग्णाला सांगितला तर ३८ घरांची झोप उडेल.

रुग्णाशी बोलताना

म्हणून वर्णपटाचा निकाल रुग्णाच्या हाती द्यायचा नाही. सांगायचा तो पॅथॉलॉजीचा निकाल, आणि तो डॉक्टरांनीच. बॅरेट आहे पण डिस्प्लेसिया नाही, असा निकाल आला तर घाबरण्याचे कारण नाही. अशांपैकी वर्षाला अर्ध्या टक्क्याहून कमी लोकांना कर्करोग होतो, आणि पुन्हा एंडोस्कोपी साधारण ३ ते ५ वर्षांनी पुरते. डिस्प्लेसिया निघाला तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घेतात, आणि तो पक्का ठरला की बिघडलेले अस्तर एंडोस्कोपमधूनच कापून किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळून काढता येते. अन्ननलिका काढून टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया बहुतेकांची टळते.

रुग्ण सोबत आलेल्या मुलाकडे किंवा सुनेकडे पाहत विचारतात, ‘मग त्या दिव्याने काय कळलं?’ त्यांना खरे ते सांगा: यंत्र अजून शिकते आहे, तुमच्या मोजमापामुळे पुढच्या माणसाचा तुकडा योग्य जागेवरून घेतला जाईल, आणि तुमचा निकाल मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच ठरला आहे. त्याच बैठकीत तंबाखू, मिश्री आणि दारूबद्दलही विचारा आणि सोडण्यासाठी मदत कुठे मिळेल ते लिहून द्या. पुढच्या तपासणीची तारीख केसपेपरवर टाका, आणि घास अडकणे, वजन उतरणे किंवा काळी शी होणे यांपैकी काहीही झाले तर त्या तारखेची वाट न पाहता यायला सांगा.